तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा असताना चित्रं कशाला?

"फोन आहे ना हातात? मग आंबोलीच्या पावसात बसून झाडं रंगवायची कशाला, आणि त्यावर पीएच.डी. कसली?" लग्नात, एसटीत, विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, सगळीकडे हेच. आता एकदा नीट सांगते.

अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या दाट छताखाली उजेड फार थोडा पोचतो, आणि तोही गाळलेला. पानं लाल-निळा प्रकाश जास्त शोषतात, हिरवा त्यामानाने खाली सोडतात. खाली पांढरा कागदही हिरवट असतो, तांबूस खोड काळपट. फोन हा हिरवटपणा आपोआप काढून टाकतो. मला नोंदवायचं असतं तेच पुसलं जातं.

पूर्वी मी इथेच थांबायचे आणि जिंकल्यासारखं वाटायचं. पण डोळाही तेच करतो. थोड्या वेळाने त्यालाही कागद पांढरा दिसू लागतो. शिवाय कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून तो साधतो तो रंगांचा तोल, हाताने बांधून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने न सुधारलेली मूळ नोंद, घेतली, तर तो हिरवटपणा नोंदतोही. "कॅमेऱ्याला जमत नाही" हे माझं उत्तर चूक होतं.

मग मी करते काय? झाडाखाली बसून रंग पानाशी भिडवून जुळवते. कागदाच्या कडेला दोन सेंटीमीटरचा चौकोन, शेजारी कुठला रंग किती भाग ते. मग तोच चौकोन आणि तेच पान मोकळ्या उजेडात. आत अगदी जुळलेली जोडी बाहेर फुटते, दोन्ही रंग वेगळे दिसतात. ती किती फुटते, हा माझा अभ्यास. आणि चित्रकाराचं जंगलात काय काम, असं विचारणाऱ्यांनी 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ बघावा: 1678 ते 1693, बारा खंड. मलबारच्या वनस्पतींच्या त्या चित्रांमागे जाणकार वैद्य होते. त्यांपैकी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांचं 1675 सालचं कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरीत छापलंय.

आता माझे बुरशीने गेलेले चौदा कागद. एकाच अंजनीच्या खोडावरच्या शेवाळाची जुलै-ऑगस्टमधली पाच आठवड्यांची नोंद. कागद 300 ग्रॅमचा, कापसाचा, वर जिलेटिनचा लेप. हाताला कोरडे लागले म्हणून पॉलिथिनमध्ये घट्ट बंद केले. कागद हाताला कोरडा लागला तरी आत पाणी धरून असतो. रात्री गारठा पडला की ते पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसतं. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांवर टिकली की बुरशीला पुरे, आणि जिलेटिन म्हणजे तिचं खाणं. नवव्या दिवशी उघडलं तेव्हा आधी वास आला, मग तपकिरी ठिपके दिसले. ठिपके सोसले असते. पण बुरशीने लेपच खाल्ला होता. वर पातळ रंग दिला तर टिपकागदावर शाई पसरावी तसा तो आत शिरला. आधीच्या चौकोनांच्या कडाही फुटल्या होत्या. एकही माप विश्वासाचं उरलं नाही.

जिच्या घरी राहते त्या काकी एवढंच म्हणाल्या, "प्लास्टिकात कशाक घातलंस गो?"

फोनमधले फोटो मात्र शाबूत होते. हे लिहिताना अजून त्रास होतो. त्यांवरून रंग पुन्हा बांधायला बसले, तर एकाच खोडाचे रोज वेगळे हिरवे. फोनने दर वेळी आपल्या अंदाजाने तोल साधलेला. त्या पावसातलं शेवाळ परत मिळणार नाही. हाताने बांधलेल्या व्हाइट बॅलन्सचा एक फोटो रोज घेतला असता तर निम्मं काम वाचलं असतं. तेव्हा माझा हट्ट आडवा आला. आता दोन्ही करते.

कागद आता दोन टिपकागदांमध्ये, प्लायच्या फळ्यांत, वर दोरी. डब्यात सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या, पुड्या. दाण्यांचा रंग बदलला की साधारण 120 अंशांवर भाजून पुन्हा वापरायच्या. वीज नसेल तेव्हा सगळी चळत काकींच्या चुलीवरच्या माळ्यावर. तिथे बुरशी येत नाही, पण धुराने कागदाच्या पांढऱ्यावर पिवळी झाक चढते, आणि माझं सगळं मोजमाप त्या पांढऱ्यावरूनच चालतं. म्हणून हल्ली प्रत्येक चळतीत एक कोरा कागद ठेवते, तो किती पिवळा झाला ते बघायला.