रिकाम्या स्टेडियमचं देणं

४ नोव्हेंबर २०२३, शनिवार रात्र, कार्डिफ

घसा पार बसलाय आणि झोपही येत नाही, म्हणून वही उघडली. आज प्रिन्सिपॅलिटी स्टेडियमवर रग्बीच्या सामन्यात वेल्सनं बार्बेरियन्सना ४९-२६ असं हरवलं. स्कोअर आधीच लिहून ठेवते, कारण आज तिथं आलेल्यांपैकी फारसं कुणी तो लक्षात ठेवणार नाही. सगळे आले होते ते ॲलिन विन जोन्सला निरोप द्यायला. आणि तो खेळत होता समोरच्या संघाकडून.

हे असं का झालं, ते आधी लिहायला हवं. वेल्सकडून १५८ आंतरराष्ट्रीय सामने, चार देशांच्या मिळून होणाऱ्या ब्रिटिश अँड आयरिश लायन्स संघाकडून १२. एकूण १७०. रग्बीत जगात कुठल्याच पुरुष खेळाडूनं इतके सामने खेळलेले नाहीत. पण या माणसाला लाल जर्सीत, आपल्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर निरोपाचा सामना मिळाला नाही. १९ मे रोजी त्यानं निवृत्ती जाहीर केली तेव्हा वर्ल्डकपच्या सरावासाठी निवडलेल्यांत त्याचं नाव होतं. त्याच शुक्रवारी वेल्सच्याच जस्टिन टिप्युरिकनंही थांबत असल्याचं सांगितलं. वेल्सकडून ॲलिन विनचा शेवटचा सामना तोवर होऊन गेलेला होता, १८ मार्चला पॅरिसमध्ये. तो आपण फ्रान्सकडून हरलो. कार्डिफमधला शेवटचा २५ फेब्रुवारीचा, इंग्लंडविरुद्धचा. त्या आठवड्यात तर खेळाडूंच्या करारांचा वाद इतका पेटला होता की संप होऊन सामनाच रद्द होतो की काय अशी भीती होती. कर्णधार केन ओवेन्स होता. १०-२० असे हरलो आणि लोक मान खाली घालून घरी गेले. तो निरोपाचा सामना आहे म्हणून कुणी तो पाहिलाच नाही.

मग हे बार्बेरियन्सचं आमंत्रण आलं. १८९० पासूनचा हा क्लब. त्यांचं स्वतःचं मैदान नाही, फक्त आमंत्रणावर संघ उभा राहतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी सगळ्यांना सारखी, पण पायमोजे ज्याच्या त्याच्या क्लबचे. जगभरातून गोळा झालेले खेळाडू दोन-चार दिवस एकत्र राहतात, मोकळेपणानं खेळतात आणि पांगतात. यावेळी प्रशिक्षक होते स्कॉट रॉबर्टसन आणि एडी जोन्स. सव्वा महिन्यापूर्वी लियाँमध्ये वेल्सनं याच एडी जोन्सच्या ऑस्ट्रेलियाला ४०-६ असं धुतलं होतं.

काहींना हे रुचलं नव्हतं. माझी ऑफिसातली सहकारी स्वान्झीची आहे, वयानं माझ्या आईएवढी. रग्बी मी तिच्याकडूनच शिकले. ती गेले काही आठवडे म्हणत होती, "त्याला दुसऱ्यांच्या जर्सीत बघायला मी येणार नाही." ॲलिन विनही स्वान्झीचाच, तिथल्याच ऑस्प्रीज क्लबचा, म्हणजे तिच्या दृष्टीनं घरचाच मुलगा. शेवटी आली. लाल जर्सी, लाल स्कार्फ, आणि सामना सुरू व्हायच्या आधीपासूनच रुमाल हातात.

आमच्या पुढच्या रांगेत एक आजोबा नातीला घेऊन आले होते. नात सहा-सात वर्षांची असेल, डोक्यावर डॅफोडिलच्या पाकळ्यांची टोपी. बार्बेरियन्स मैदानात आले आणि अख्खं स्टेडियम उठून गरजायला लागलं, तेव्हा ती गोंधळली. तिनं विचारलं, "हे तर दुसरे आहेत ना? मग आपण का ओरडतोय?" आजोबा खाली वाकून म्हणाले, "जर्सी आजच्यापुरती उसनी आहे गं, माणूस आपलाच आहे." तिला ते पटलं असावं, कारण त्यानंतर ती आमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. माझ्या सहकारीनंही ते ऐकलं आणि जर्सीबद्दलची तिची तक्रार तिथंच संपली.

राष्ट्रगीताच्या वेळी मी त्याच्याकडेच बघत होते. वेल्सच्या राष्ट्रगीताला त्याचे डोळे भरून येतात, हे इथल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. वर्षानुवर्षं कॅमेरा त्या रांगेवरून सरकत सरकत त्याच्यापाशी येऊन थांबायचा. आज आम्ही फार वर बसलो होतो, चेहरा दिसला नाही. पण गाणं नेहमीपेक्षा संथ वाटलं, जणू सगळ्यांनाच ते संपवायचं नव्हतं. इथल्या लोकांचा आवाज चॅपलमधल्या भजनांवर पोसलेला. हजारो माणसं एका सुरात गातात तेव्हा पायाखालचं काँक्रीट थरथरतं. मी तो थरार अनेकदा अनुभवलाय, तरी आज रडू आलं.

हे सगळं इतकं का लागलं, ते घरी येताना टाफ नदीच्या काठानं चालता चालता कळत गेलं. या माणसाच्या आयुष्यातले काही सर्वांत मोठे दिवस आम्ही नसताना होऊन गेले.

१४ मार्च २०२०. वेल्स विरुद्ध स्कॉटलंड, कार्डिफमध्ये. आदल्या दिवशी, शुक्रवारी, कोविडमुळे सामना पुढे ढकलला गेला. तोवर स्कॉटिश चाहते येऊन पोहोचलेले. किल्ट घातलेली माणसं त्या शनिवारी सेंट मेरी स्ट्रीटवर नुसती हिंडत होती. नंतर त्या स्टेडियमचंच इस्पितळ झालं. जिथं स्क्रम लागायचे, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना भिडून रेटायचे, तिथं खाटा लागल्या, २००० रुग्णांची सोय केली गेली, आणि नाव दिलं ड्रॅगन्स हार्ट. त्यामुळे तो राहिलेला सामना झाला ३१ ऑक्टोबरला लानेथ्लीमध्ये, बंद दाराआड. तो ॲलिन विनचा १४९ वा आंतरराष्ट्रीय सामना होता. न्यूझीलंडच्या रिची मॅकॉचा १४८ सामन्यांचा विक्रम त्या दिवशी मोडला. जगातला सर्वाधिक सामने खेळलेला पुरुष रग्बीपटू मैदानात उतरला आणि समोर हजारो रिकाम्या खुर्च्या. मी घरी टीव्हीसमोर एकटी टाळ्या वाजवत होते. खेळाडूंची ओरड, शिट्टी, चेंडूवर पाय बसल्याचा आवाज, सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं. एरवी स्टेडियममध्ये यातलं काहीच कानावर पडत नाही. वेल्स १०-१४ हरलं.

पुढच्या वर्षी तो कर्णधार असताना वेल्सनं सिक्स नेशन्सचं, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेचं, जेतेपद मिळवलं. ग्रँड स्लॅम, म्हणजे त्यातले सगळेच सामने जिंकण्याचा मान, पॅरिसमध्ये अगदी शेवटच्या क्षणी निसटला, ३०-३२. त्या स्पर्धेतही प्रेक्षक नव्हते.

मग लायन्स. चार वर्षांतून एकदा इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडचे खेळाडू एकत्र येऊन दौऱ्यावर जातात. २०२१ चा कर्णधार तो होता. २६ जूनला एडिंबरामध्ये जपानविरुद्धच्या सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच त्याचा खांदा निखळला. तिथं थोडे प्रेक्षक होते, त्यांनी त्याला हात धरून बाहेर जाताना पाहिलं. कर्णधारपद कॉनर मरेकडे गेलं आणि संघ त्याच्याशिवाय दक्षिण आफ्रिकेला निघाला. वय ३५. सगळ्यांनी धरून चाललं की हा आता संपला. २४ जुलैला, म्हणजे बरोबर २८ दिवसांनी, केपटाउनमधल्या पहिल्या कसोटीत लायन्सच्या पुढे तोच चालत आला, आणि ती कसोटी लायन्सनं २२-१७ अशी जिंकली. निखळलेला खांदा घेऊन इतक्या लवकर परतणाऱ्या माणसासाठी त्या क्षणी किती मोठा आवाज उठायला हवा होता! स्टेडियम रिकामं होतं.

म्हणून मला वाटतं, आज आम्ही फक्त निरोप दिला नाही. मागची बाकी चुकती केली. आजच्या त्या गर्जनेत लानेथ्लीची होती, पॅरिसची होती, केपटाउनची होती. आणि आता मला असंही वाटतंय की हा बार्बेरियन्सचा सामना होता तेच बरं झालं. खऱ्या कसोटीच्या दिवशी कार्डिफला जिंकण्याची इतकी घाई असते की दुसरं काही सुचत नाही. आज गुणांची चिंता नव्हती. लोकांना त्याच्याकडे निवांत बघता आलं. तो लाइनआउटला, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू परत आत फेकला जाताना, उभा राहिला तरी टाळ्या, रकमधून, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या रेटारेटीतून, उठला तरी टाळ्या.

हे नवलाचंच, कारण तो लॉक. स्क्रममध्ये दुसऱ्या रांगेत मान घालून पुढच्यांना रेटायचं. लाइनआउटला हवेत चेंडू पकडायचा, की जमिनीवर येताच अंगावर चार माणसं. रकमध्ये घुसून समोरच्यांना हटवायचं म्हणजे आपल्या कुणाला तरी चेंडू मिळतो. ट्राय करून, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून, छायाचित्रात येणारे दुसरेच. मला पहिले कितीतरी सामने पाहूनही लॉक काय करतो ते दिसत नव्हतं. सहकारी म्हणाली होती, "चेंडू बघू नकोस. दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघ." बघितलं. तो जमिनीवरून उठायचा, पुढच्या गर्दीपर्यंत धावायचा, आपटायचा, पुन्हा उठायचा. हे सतरा वर्षं. त्यात पाच सिक्स नेशन्स जेतेपदं आणि त्यांतले तीन ग्रँड स्लॅम. त्याच्या शेवटच्या हंगामात त्याला संघातून वगळलं तेव्हा कित्येक जण म्हणाले की त्यानं आधीच थांबायला हवं होतं. मला ते तेव्हाही पटलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करणाऱ्याला कधी थांबायचं ते स्वतः ठरवायचा हक्क असतो.

मध्यंतरात आजूबाजूला जो तो त्याची आपापली आठवण काढत होता. सगळ्यांत जास्त निघाली ती १६ मार्च २०१९ ची. ग्रँड स्लॅमचा सामना, समोर आयर्लंड, आणि धो धो पाऊस. स्टेडियमचं छत तेव्हा दोन्ही संघ राजी असतील तरच बंद व्हायचं. आयर्लंडला ते उघडं हवं होतं. राष्ट्रगीताआधी खेळाडूंच्या पुढे उभा असलेला छोटा मुलगा कुडकुडत होता. ॲलिन विननं अंगातलं जॅकेट काढून त्याच्याभोवती गुंडाळलं. त्या दिवशी वेल्स २५-७ जिंकलं, पण आज मागच्या रांगेतल्या बाईंना विचारलं तर त्यांना स्कोअर सांगता आला नाही, जॅकेट मात्र जसंच्या तसं आठवत होतं.

माझ्या सहकारीची आठवण सर्वांत जुनी. ११ जून २००६, त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना. वय २०, लॉक नव्हे तर फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेचा खेळाडू म्हणून. मैदान अर्जेंटिनातल्या पुएर्तो मॅड्रिनचं. याच किनाऱ्यावर १८६५ मध्ये मिमोसा जहाजातून वेल्सची माणसं उतरली होती, आपली भाषा जपायला इतक्या लांब आली होती. पातागोनियात आजही वेल्श बोलणारी कुटुंबं आहेत. सामना वेल्सनं २५-२७ असा गमावला. पण ती म्हणाली, "बघ ना, वेल्सपासून इतक्या दूर सुरुवात केली त्यानं, आणि तिथंही आपली माणसं होतीच." मग रुमालानं डोळे पुसले आणि पुढच्या स्क्रमला उभी राहून इतक्या जोरात त्याचं नाव पुकारलं की पुढच्या रांगेतली ती छोटी मागे वळून हसली.

शेवटी तो मैदानाबाहेर यायला लागला तेव्हा कुणीच बसलेलं नव्हतं. माझ्या डावीकडचा तरुण कामगार, मनगटाला प्लास्टर असलेला, दुसऱ्या हातानं मांडीवर थाप मारून टाळी वाजवत होता. माझाही आवाज तिथंच गेला.

नंतर वेस्टगेट स्ट्रीटवर गर्दी हलत नव्हती. लोकांना घरी जायचंच नव्हतं. एका ठिकाणी घोळका भजन गात होता, आम्ही त्यात शिरलो आणि सहकारीची ट्रेन चुकली. तिला त्याचं काही वाटलं नाही, पुढच्या ट्रेननं गेली.

आता पाहिलं तर सगळं ॲलिन विनवरच लिहिलंय. टिप्युरिकवर एक ओळ, आणि ली हाफपेनीवर तीही नाही. त्याचाही वेल्सकडून आज शेवटचाच सामना होता. २०१३ च्या लायन्स मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू, ज्याच्या किकांवर आम्ही कित्येक सामने विसंबून होतो. उद्या रविवार आहे, सकाळी चहा झाला की आधी त्याच्यावर लिहीन.