सर, अजून २४ तास थांबा

रेझिन, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारं पारदर्शक रसायन. ते विकणाऱ्या त्या कंपनीचं नाव घेणार नाही. बायकोला तसा शब्द दिलाय. पण त्यांच्या हेल्पलाइनवरच्या मुलाचा आवाज मी आता झोपेतही ओळखेन. "सर, अजून २४ तास थांबा." हे वाक्य जुलै महिन्यात मी अकरा वेळा ऐकलं. अकराव्या वेळी त्यालाही कसंनुसं झालं असावं, कारण 'सर' म्हणायच्या आधी तो जरा घुटमळला.

झालं असं, की मला गोदावरी ओतायची होती.

म्हणजे छोट्या मॉडेलांचा देखावा, डायोरामा, करायचा होता: १/३५ मापातला, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा, एक रणगाडा पुराच्या पाण्यातून घाटाकडे येतोय, मागे बैलगाडी, बाजूला नारोशंकराच्या देवळाची तटबंदी. साल १९४२. असं काही नाशकात घडलेलं नाही. 'घडलं असतं तर' मांडायचं म्हणजे खऱ्या इतिहासाचं एक टोक धरून थोडं ओढायचं, आणि किती ओढायचं यावरून आमच्या आप्पाकाकांशी माझी अख्खा जून महिना हुज्जत चालली होती.

खरं टोक असं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. रंगूनला ब्रिटिशांच्या सातव्या आर्मर्ड ब्रिगेडचे स्टुअर्ट रणगाडे उतरले होते. माघार घेत घेत ते मे महिन्यात चिंदविन नदीवर आले, पलीकडे नेता येईनात म्हणून काठावरच मोडून टाकले. एकच रणगाडा पार झाला. त्याचं नाव 'कर्स ऑफ स्कॉटलंड'. पुढे त्याचा टरेट, म्हणजे वरचा तोफेचा फिरता बुरूज, काढून तो सातव्या लाइट कॅव्हलरीला दिला आणि पठ्ठ्या पुन्हा ब्रह्मदेशात गेला. नदी पार केलेला एकुलता एक रणगाडा म्हटल्यावर मला दुसरी नदी सुचणारच ना!

माझ्या इतिहासात जपानी फौज पावसाआधी कोकणात उतरते, मुंबई रिकामी होते आणि माघार कसारा घाटाने वर येते. आप्पांचा पहिला प्रश्न, "नाशकात काय ठेवलंय रे त्यांचं? द्राक्षं?" म्हटलं, नोटा. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. शत्रूच्या हाती छापखाना लागला तर लढाई न करता देश बुडेल. म्हणून नोटांच्या पेट्या नदी ओलांडून पंचवटीत आणि तिथून आग्रा रोडने धुळ्याकडे. आप्पांनी मान हलवली. ही मान हलणं मला बक्षिसापेक्षा मोठं.

दुसरा प्रश्न अवघड होता. "मुंबईत जपानी बसले तर ८ ऑगस्टला गवालिया टँकवर अधिवेशन कोण भरवणार?" तीन दिवस उत्तर सुचलं नाही. शेवटी घाटाच्या भिंतीवर चुन्याने 'करेंगे या मरेंगे' लिहिलं आणि खाली तारीखच घातली नाही. "तारीख टाळलीस म्हणजे हरलास," आप्पा म्हणाले. असेल.

तिसरा, "पूल असताना पुरात रणगाडा घालणारा येडा कोण?" तर माझ्या इतिहासात व्हिक्टोरिया पूल, म्हणजे आपला होळकर पूल, उडवलेला आहे. आणि पूर ओसरता आहे. स्टुअर्ट साधारण तीन फूट पाण्यातून जाऊ शकतो. आज आपण पूर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो, पण मला जुनी खूण हवी होती, म्हणून नारोशंकराची घंटा घेतली. वसईच्या विजयाची खूण म्हणून आलेली ती घंटा. पाणी तिला लागलं म्हणजे गावाने समजायचं काय ते. माझं पाणी घंटेच्या पुष्कळ खाली आहे. घंटा म्हणजे भाचीच्या जुन्या पैंजणातलं घुंगरू, तिला न विचारता काढलेलं.

रणगाडा जोडायला पाच संध्याकाळी लागल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही, तामियासारख्या मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांचे भाग इतके नेमके बसतात की चूक करायलाच कष्ट पडतात. (या १/३५ मापाची गंमत माहीत आहे का? साठच्या दशकात तामियाने मोटरवर चालणारा रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा तो केला आणि नंतर मोजलं तर माप साधारण १/३५ आलं. तेच जगभर चिकटलं.) खरा स्टुअर्ट साडेचार मीटरचा, माझा तेरा सेंटीमीटरचा. टरेटवर टूथपिकने चौकटची नव्वी रंगवली, कारण पत्त्यांत त्याच पानाला 'कर्स ऑफ स्कॉटलंड' म्हणतात. आईने पाहिलं आणि विचारलं, "मेंढीकोट खेळतात का यातले?"

तटबंदी फोमची. पिंपळगावला मित्राच्या कोल्ड स्टोरेजचं काम चाललं होतं, तिथला गुलाबी शीटचा तुकडा आणला. थर्माकोल घेऊ नका, त्याचे दाणे सुटतात. बोथट पेन्सिलने दगडांच्या रेघा काढायच्या, कागदाचा चुरगळलेला बोळा त्यावर दाबायचा, काळ्या पाषाणाचा खडबडीतपणा आपोआप येतो. भिंतीची उंची कळावी म्हणून भाच्याला देवळापाशी उभं करून फोटो काढला होता. तो ४ फूट २ इंच, म्हणजे डायोरामात साडेतीन सेंटीमीटरला थोडा जास्त. स्प्रेचा रंग मात्र फोमवर थेट मारू नका, फोम विरघळतो. माझा एक बुरूज तसाच गेला, तोच आता 'तोफगोळ्याने पडलेला' आहे.

आता नदी.

बेस ४० बाय ३० सेंटीमीटर, त्यात नदीचा पट्टा ४० बाय १५. अर्धा सेंटीमीटर जाडी धरली तर ३०० मिलिलीटर रेझिन. बाटल्यांवर लिहिलेलं, २:१. दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर. वजनाने की मापाने? ते कुठेच नाही. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनाने घेतलं. रेझिन जड, हार्डनर हलका, त्यामुळे वजनाने २:१ आणि मापाने २:१ यांत फरक पडतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण खरा घोटाळा तो नव्हताच.

खरा घोटाळा रंगाचा. पावसाळ्यातली गोदावरी कुणी पाहिली नसेल तर सांगतो, ती दुधाच्या चहासारखी दिसते. तो रंग आणायला मी रेझिनमध्ये तपकिरी ॲक्रिलिक रंग घातला. थोडा घातला, फिका वाटला. आणखी घातला. शेवटी चाळीस मिलिलीटरची आख्खी बाटली रिकामी झाली. रंग असा सुंदर आला, की बायकोला उठवून दाखवला. रणगाडा जागेवर ठेवून रविवारी रात्री ओतलं आणि झोपलो.

सोमवारी सकाळी चिकट. स्वाभाविक आहे, २४ तास लागतात.

मंगळवारी चिकट. हेल्पलाइन. २४ तास थांबा.

बुधवारी नदीत माशी बसली आणि तिथेच राहिली. १/३५ मध्ये माशी म्हणजे जवळपास पारव्याएवढी. चिमट्याने काढायला गेलो तर माशी आली, एक पंख राहिला. हेल्पलाइन. "सर, आपल्याकडे ह्युमिडिटी आहे का?" जुलै महिना, नाशिक, चार दिवस सूर्य नाही. आहे म्हटलं. "मग अजून २४ तास."

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. साठचा बल्ब लावून, कोंबडीच्या पिल्लांना देतात तशी ऊब दिली. हेअर ड्रायर मारला, त्याने नदीवर धूळ बसली. मधे दोन तास ऊन पडलं तेव्हा गच्चीवर नेलं आणि भुरभुर सुरू झाल्यावर टॉवेल टाकून पळत खाली आणलं. टॉवेलचा धागा नदीत. रोज रात्री घाटाजवळच्या एकाच कोपऱ्यात अंगठा दाबून बघायचो आणि रोज ठसा उमटायचा. रोज फोन. कधी पंखा बंद ठेवा, कधी चालू ठेवा, पण शेवटी २४ तास. फोटो पाठवले. फोटोंवर उत्तर आलं, "नाईस वर्क सर." तिकडे भाच्याच्या शाळेत ९ ऑगस्टला क्रांतिदिनाचं प्रदर्शन, आणि मी बाईंना आधीच हो म्हणून बसलेलो. भाचा रोज विचारायचा, "मामा, नदी झाली?"

तेराव्या दिवशी आई शेजारी येऊन उभी राहिली. मी ड्रायर मारत होतो. "याला वाळवतोस कशाला? तूच म्हणालास ना, दोन औषधं एकत्र केली की आपोआप घट्ट होतं? मग हे वाळायचं नाही, हे विरजायचं. दह्याला कोणी वारा घालतं का?" मी म्हटलं, "अगं, विरजण बरोबर घातलंय." तर म्हणते, "मग दूध पातळ असेल. पाणी घातलं होतंस का?"

पाणी कशाला घालेन, म्हणणार होतो, आणि रिकाम्या बाटलीकडे लक्ष गेलं. ॲक्रिलिक रंगात निम्म्याहून जास्त काय असतं? बाटलीवर लिहिलेलंच होतं, 'वॉटर बेस्ड'. म्हणजे ३०० मिलिलीटर दुधात मीच पाणी ओतलं होतं आणि तेरा दिवस त्याला ऊब देत बसलो होतो. हेल्पलाइनवरच्या त्या पोराने अकरा वेळांत एकदा तरी "सर, आत काय मिसळलंत?" एवढं विचारलं असतं, तर मी अर्धा महिना वाचलो असतो. मी स्वतःहून सांगितलं नाही हेही खरं. पण विचारायचं काम त्याचं.

पुढचं दोन दिवसांत झालं. जुन्या उलथण्याने सुटेल तेवढं खरवडलं, मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट कापडावर घेऊन बाकीचं पुसलं. त्यात नदीच्या तळाचा रंगही निघाला. घाटाच्या पायऱ्यांपाशी मात्र हात जाईना, तिथलं तसंच ठेवलं. रणगाडा सोडवताना चाकांवरची डावी पट्टी तुटली, ती नाहीतरी पाण्याखाली. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. गढूळ पाण्याला खोली लागत नाही, कारण तळ दिसतच नाही! तीन फूट पाणी मापात २.६ सेंटीमीटर होतं, पण तेवढं ओतायची गरज नाही. तळालाच चहाचा रंग द्यायचा, मध्ये गडद, काठाला फिका, पूर्ण वाळू द्यायचा आणि वर जेमतेम चार मिलिमीटर बिनरंगाचं रेझिन. रेझिनमध्ये रंग घालायचाच तर रेझिनसाठीचा घ्या आणि थेंब मोजा.

दुसऱ्यांदा कप बदलून ढवळलं. एका कपात पाच मिनिटं, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा, कारण पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं रेझिन राहतं आणि ओतताना नेमकं तेच शेवटी खाली येतं. या वेळी मापाने घेतलं. बुडबुडे वर आले की लायटर उंचावरून झरकन फिरवायचा, फोमपासून लांब. रणगाडा या वेळी खालून कापून ठेवला, पाण्याच्या पातळीला. ३० तासांनी नख मारलं. टक्. तो आवाज ऐकून मी हेल्पलाइनला फोन लावणार होतो, बायकोने मोबाइल काढून घेतला.

लाटा नंतर, पारदर्शक ॲक्रिलिक जेल ब्रशने टोचून टोचून. रणगाड्याच्या तोंडाशी फेस म्हणजे कापसाचे चार धागे आणि कोरड्या ब्रशवरचा पांढरा रंग. काठावरची माती खरी, घाटावरचीच, चहाच्या गाळणीने चाळलेली. गाळणी नवीन आणून द्या, नाहीतर घरात ऐकून घ्यावं लागतं.

बांधाचं सांगायचं राहिलं. नदीच्या दोन्ही टोकांना ॲक्रिलिक शीटचा बांध घालाल तर आतल्या बाजूला सेलोटेप लावा, मग तो सुटून येतो. आणि खाली जाड प्लास्टिक अंथरा. पहिल्या रात्री माझी गोदावरी टेबलावर झिरपली होती, ते वर्तमानपत्र अजून टेबलाला चिकटलेलं आहे.

८ तारखेला संध्याकाळी रिक्षाने शाळेत नेलं, मांडीवर, वर रेनकोट. मुलांनी पहिलं काम काय केलं? प्रत्येकाने पाण्याला बोट लावून बघितलं. दुसरी कुठली परीक्षा मला आता मान्यच नाही. आप्पा आले, चष्मा वर करून घाटाजवळ बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा पाण्यात गोल गोल भोवरा छान काढलास." तो माझ्या अंगठ्याचा ठसा. तेरा दिवसांचा. मी काही बोललो नाही.

आणि हातमोजे घाला. खिडकी उघडी ठेवा. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. माझ्या डाव्या मनगटावर रेझिनचं पुरळ आलंय, ते अजून खाजतंय.