गौर भेटली ती पार घांगरियाच्या वर

एप्रिलपासून आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना आई रोज सकाळी जिन्यात भेटत होती. पाठीवर माझी जुनी सॅक, सॅकमध्ये पाच किलो तांदूळ आणि सात मजल्यांच्या तीन फेऱ्या. लिफ्ट बंद आहे का, असं कुणी विचारलं की म्हणायची, "नाही हो, फुलं बघायला जायचंय." रविवारी आम्ही दोघी परळहून बोरिवलीला जायचो आणि नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत चालून यायचो. तिचं वय ६३. तिला उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स ही फुलांची दरी बघायची होती, आणि तीही स्वतःच्या पायांनी.

ऑगस्टचा तिसरा आठवडा ठरवला. ही दरी जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत उघडी असते, पण फुलांचा भर जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत. म्हणजे ऐन पावसात, दरडींच्या दिवसांत. हरिद्वारहून जोशीमठमार्गे गोविंदघाटला जाताना आमची बस एका दरडीपाशी साडेचार तास उभी होती. जाणार असाल तर एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवाच.

गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप मिळते. तिथून मुक्कामाचं गाव घांगरिया साधारण १० किलोमीटर, सगळी वाट लक्ष्मणगंगेच्या सोबतीने. सॅक आम्ही आमच्याच पाठीवर घेतल्या, माझी नऊ किलोंची, आईची चार. तिची चाल हळू, पण थांबणं कमी. मी दर वळणावर दम खात होते आणि ती एका लयीत पुढे जात होती. जिन्याची कमाई होती ती.

घांगरिया ३,००० मीटरच्या जरा वर आहे. दुसऱ्या दिवशी आधी हेमकुंड साहिब या शिखांच्या तीर्थस्थानी गेलो. वाट सहा किलोमीटरची, पण उभी चढण. शेवटच्या टप्प्यात हवा विरळ झाली तसं मीच आईला खेचरावर बसवलं. ४,००० मीटरच्याही वर गेल्यावर कातळांच्या खाचांत ब्रह्मकमळं दिसली. आमच्या चाळीत ब्रह्मकमळ म्हणजे गॅलरीतल्या कुंडीतलं. वर्षातून एखाद्या रात्री फुलायचं, मग साडेअकराला दारं वाजवून सगळ्या मजल्याला उठवायचं. ते खरं तर निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं अमेरिका खंडातलं. हे इथलं वेगळंच. बटर पेपरसारख्या फिकट पिवळसर पानांची ओंजळ, आत जांभळट गोंड्यांचा झुबका आणि दिवसाढवळ्या उमललेलं. त्या कागदी आवरणामुळे पाऊस आणि थंडी आतल्या फुलांपर्यंत पोहोचत नाही. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "याला आपण उगाच रात्रीचं जागवत होतो."

गुरुद्वाऱ्यात गरम खिचडी आणि चहा मिळाला. कुडकुडत्या हातांत तो पेला धरून बसण्याचं सुख मी विसरणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला दरीच्या चौकीवर नोंद केली. आत मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत परत यावंच लागतं. पुष्पावतीवरचा पूल ओलांडला की भूर्जांच्या रानातून चढ लागतो. भूर्जाची साल पापुद्र्यांनी सुटलेली, हाताला ओलसर. मग झाडं विरळ होत जातात आणि एका वळणावर डोंगर एकदम उघडतो.

तिथे वर्षातले कितीतरी महिने बर्फच असतं. ते वितळल्यावर उगवायचं, फुलायचं, बी धरायचं, सगळं तीन-चार महिन्यांत. म्हणून ही सगळी फुलं एकदमच गर्दी करतात. पांढरी, पिवळी, निळसर जांभळी, खाली लालबुंद. १९३१ मध्ये कामेत शिखर चढून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती इथे उतरले आणि जगाला या दरीची ओळख झाली. गावकरी मात्र आधीपासूनच इथे मेंढरं चारायला आणत. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई थांबली. आमच्याबरोबरच्या भ्यूंदार गावच्या वाटाड्याने एक उंच, दाट वाढणारं रोप दाखवलं, पॉलिगोनम. मेंढरं असताना ते आटोक्यात होतं, असं त्याचं म्हणणं. आता वनखातं दरवर्षी माणसं लावून ते उपटतं, नाहीतर ते बाकीच्या फुलांना जागाच ठेवणार नाही. मला त्याचं पटलं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे कुरण राखलं, त्यांना आधी विचारायला हवं होतं.

पुढे वाट खांद्याएवढ्या गुलाबी-जांभळ्या झुडपांतून जाते. दोन्ही बाजूंनी फुलं अंगाला घासत होती. आई एकाएकी थांबली. एका फुलाखाली हात धरला, न तोडता, आणि वाकून त्याच्या मागे बघितलं. मागे एक छोटी वळलेली शेपटी होती.

"अगं, ही तर आपली गौर!"

तेरडाच तो. हिमालयातला, माणसाच्या उंचीचा, पण कूळ तेच. आईचं माहेर कोकणातलं, तिथे मुखवट्याची गौर नाही, तेरड्याची. भाद्रपदात मुली पाणवठ्यावरून मुळासकट तेरडा आणायच्या आणि त्या जुडीलाच साडी नेसवायच्या. लहानपणी आई माझ्या तळहातावर तेरड्याची पिकलेली शेंग ठेवून चिमटीत दाबायची. ती टप्‌कन फुटायची, बी उडायचं आणि सालीची गुंडाळी हातावर राहायची. आम्ही उभ्या होतो तिथेही माझा पाँचो एका शेंगेला लागला आणि तसंच टप्‌कन झालं. आईने पाँचोच्या बाहीवरची ती हिरवी गुंडाळी उचलली आणि वाटेच्या कडेला मातीत ठेवली.

आणखी पुढे जोन मार्गारेट लेग या ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक बाईचं थडगं आहे. फुलं गोळा करताना कड्यावरून घसरून १९३९ मध्ये ती इथेच गेली. आई तिथे पाच मिनिटं बसली, मग हात जोडले. परतीला धुकं इतकं उतरलं की फुलांचे नुसते रंग दिसत होते.

मुंबईत परतल्यावर गौरींच्या आदल्या दिवशी आम्ही दादरच्या फूलबाजारात गेलो. बाहेर तेरड्याच्या ओल्या जुड्या मांडून बायका बसल्या होत्या. आईने एक जुडी उचलली, एक फूल उलटं केलं आणि मला दाखवलं. "बघ, हिची शेपटी लांब आहे."

मग दोन जुड्या घेतल्या.