खेळवलं नाही, की जमलं नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. म्हणजे तुम्ही विचारतच असता. लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा विचारतो, एसटीत विचारतात, जत्रेच्या स्पर्धेत गुडघ्याला पट्टी बांधत असलो की पंचसुद्धा वाकून विचारतात, "काय रं, तिकडं प्रो कबड्डीत तुला खेळवलंच नाही, की तुला जमलं नाही?" तिसरं काही असू शकतं हे कुणाच्या मनातच येत नाही. आणि मी "दोन्ही थोडं थोडं" म्हणालो की ऐकणारा मान हलवतो. त्याच्या मते निकाल लागलेला असतो: जमलं नाही.

प्रो कबड्डीचा लिलाव, करार, नवीन पोरांना कसं उचलतात, हे सांगत बसत नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतं. संघाचं नावही लिहीत नाही, माझं भांडण संघाशी नाही. आठव्या क्रमांकाचा सीझन होता, एवढंच सांगतो. ज्यांनी तो टीव्हीवर बघितला त्यांना सामने आठवतात. मला हॉटेल आठवतं. २०१९ च्या ऑक्टोबरनंतर कोरोनानं लीग बंद होती, ती थेट २२ डिसेंबर २०२१ ला बेंगळुरूत सुरू झाली. बाराही संघ व्हाइटफील्डच्या एकाच हॉटेलात, तिथल्याच हॉलमध्ये सगळे सामने, आणि प्रेक्षक एकही नाही. आधी विलगीकरण, मग सराव, मग खोली. खिडकीतून रस्ता दिसायचा, पण खाली उतरायची सोय नव्हती.

वाळवा तालुक्यातला पोरगा मी. आमच्याकडं कासेगावच्या काशिलिंग आडकेचं नाव घेतल्याशिवाय कबड्डीच्या गप्पा सुरू होत नाहीत. काशी प्रो कबड्डीत गेला, मग आपलाही पोरगा जाणार, असा सरळ हिशेब गावानं मांडला होता. मीही तोच मांडला होता, नाही कशाला म्हणू.

मॅटचं आधी सांगून टाकतो, कारण अर्धे लोक मला तिथंच माफ करतात. "माती वेगळी, मॅट वेगळी." खरं आहे, पण तेवढंच नाही. मॅट मला नवीन नव्हती. जिल्ह्याची निवड चाचणी, राज्य स्पर्धा, सगळं मॅटवरच होतं आता. फरक असा, की तिथं चार दिवस खेळून आपण परत मातीत येतो. लीगच्या शिबिरात सकाळ-संध्याकाळ मॅटच. मातीत अनवाणी पाय सरकतो, बुटातला पाय मॅटवर धरून ठेवतो. वळताना घोटा वळतो, गुडघा मागं राहतो. कोपरांची आणि गुडघ्यांची साल घासून निघते, आणि पहिले काही दिवस आंघोळीला पाणी अंगावर घ्यायची भीती वाटते. पण हे सगळ्यांचंच होतं. हरयाणाची पोरंही मातीतच वाढलेली असतात.

खरा फरक कामाचा होता. तो नीट सांगायला मला आजवर कुणी वेळ दिला नाही.

गावाकडं सामना सुरू झाला की पहिली चढाई माझी. तिच्यात गुण आणायचा नाही, नुसतं बघून यायचं. डावा कोपरा, म्हणजे डाव्या टोकाला उभा राहून पकडणारा, पाय आधी उचलतो का, त्याच्या आतल्या बाजूचा कव्हर हात खाली सोडून उभा राहतो का, कोण दमलाय, कोण घाबरलाय. दुसऱ्या चढाईत एकाला हूल द्यायची. तिसरी-चौथीनंतर मग कापायला सुरुवात. समोरचा संघ गरम तव्यासारखा असतो, आधी दोन थेंब टाकून बघायचे असतात. माझी चढाई म्हणजे अशा दहा-बारा चढायांची मिळून एक गोष्ट असायची. मधे दोनदा पकडला गेलो तरी हरकत नाही, कुणी मला बाहेर बसवणार नव्हतं.

लीगमध्ये हे काम एकाचंच असतं, आणि तो एक म्हणजे ज्याच्यावर पैसा लागलाय तो. तेही बरोबरच आहे. बाकीच्या आम्ही दोघा-तिघांनी काय करायचं? बेंचवर बसायचं, उठून अंग गरम ठेवायचं, आणि दोन चढाया रिकाम्या गेल्या की 'डू ऑर डाय'ला आत जायचं. तीस सेकंदांत गुण आणा, नाहीतर बाद. समोरच्यांनाही माहीत असतं की हा आता येणारच, हात मारणारच, मोकळा परत जाऊ शकत नाही. ज्या पोराची सगळी हुशारी थांबून बघण्यात होती, त्याला थांबायचीच मुभा नाही.

आता तो सामना. तुमच्या फोनमध्ये क्लिप आहेच. मला अजूनही कुणी ना कुणी पाठवतं, खाली हसणारा चेहरा लावून.

दुसरा हाफ, दोनेक मिनिटं बाकी. आम्ही एका गुणानं मागं. आमचा मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर. दोन चढाया रिकाम्या गेलेल्या. कोचनी टाइमआउट घेतला आणि माझ्याकडं बघितलं. त्या संध्याकाळी मी मॅटवर पाय ठेवला नव्हता. कोच हिंदीत म्हणाले, "राइट साइड, रनिंग हँड टच, और कुछ नहीं." मी मान हलवली. बोनसचा, म्हणजे बोनस रेषेपलीकडं पाय टेकवून मिळणाऱ्या गुणाचा, प्रश्नच नव्हता, समोर पाचच जण होते. बोनसला सहा लागतात.

मध्यरेषा ओलांडली आणि पहिल्यांदा जाणवलं की हॉल किती शांत आहे. टीव्हीवर तुम्हाला वेगळं वाटलं असेल. आत मला माझंच "कबड्डी, कबड्डी" ऐकू येत होतं, आणि माझे बूट. गावाकडं या वेळेला माईकवाला बोंबलत असतो, पोरं झाडावर चढलेली असतात, लोक दोरीच्या आत आलेले असतात. त्या गलक्यात मी सुटा होतो. मला वाटायचं तो गलका माझ्या डोक्याला त्रास देतो. तो मला झाकत होता, हे तिथं कळलं.

उजवीकडं त्यांचा डावा कोपरा. वयानं मोठा, हरयाणाचा, लीगमध्ये मुरलेला. मी डावीकडं दोन पावलं टाकून हूल दिली. कव्हर हलला, कोपरा नाही. परत मधे आलो. घड्याळात पंधरा-सोळा सेकंद असतील. पुन्हा हूल. तो जागचा हलत नाही, फक्त हात गुडघ्यांवर ठेवून माझ्या पायांकडं बघतोय. तोंडाकडं नाही, पायांकडं. गावाकडचे कोपरे डोळ्यांकडं बघतात, मी डोळ्यांनीच त्यांना फसवायचो. दहा सेकंद राहिल्यावर मी गेलो. उजवा हात लांब केला, बोटं त्याच्या खांद्यापासून वीतभर होती, आणि तो तिथं नव्हताच. तो खाली बसला होता. दोन्ही हातांत माझा उजवा घोटा. मग कव्हर पाठीवर आला, मग दुसरा. मी आडवा झालो आणि हात मध्यरेषेकडं फेकला. रेषा आणि बोटं यात वीतभर अंतर. मातीत तेवढं मी शंभरदा सरकत गेलोय, घोट्याला दोघं लटकलेले असताना. मॅटवर अंग इंचभर पुढं गेलं नाही.

उठताना त्यानं मला हात दिला. हळूच म्हणाला, "भाई, तेरा बायाँ पैर पहले आता है." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सामना हरलो. पुढच्या सामन्याच्या बारा जणांत मी नव्हतो. त्यानंतर दोनदा आत गेलो, तेही निकाल लागून गेलेल्या सामन्यांत. ते तुम्हाला आठवत नाहीत, त्यांची क्लिप नाही.

रात्री खोलीत आमच्या विश्लेषकाच्या लॅपटॉपवर माझ्या राज्य स्पर्धेतल्या चढाया लावून बघितल्या. हात जायच्या आधी माझा डावा पाय अर्धं पाऊल पुढं येतो. दर वेळी. वर्षानुवर्षं खेळलो, एकाही कोचनी सांगितलं नव्हतं, एकाही कोपऱ्यानं पकडलं नव्हतं. त्या माणसानं लीगमध्ये मला जेमतेम बघितलेलं. म्हणजे त्याच्या संघानं माझे जुने व्हिडिओ शोधून बघितले, की त्यानं त्या शांत हॉलमध्ये बुटाचा आवाज ऐकून ओळखलं? यावर मी स्वतःशी पुष्कळ भांडलोय. कधी वाटतं व्हिडिओ. मग मी अनोळखी नव्हतो, माझ्यासाठी कुणीतरी अभ्यास केला होता, यात थोडा मानच आहे. कधी वाटतं आवाज. मग प्रेक्षक असते तर मी सुटलो असतो, आणि माझ्या नशिबाला नेमका तोच सीझन आला.

"एका चढाईवरून माणूस ठरतो का?" असं मी त्या वेळी घरी फोनवर ओरडलो होतो. अजूनही तेच म्हणेन. त्याच सीझनला लिलावात १ कोटी ६५ लाखांना गेलेला चढाईपटू परदीप नरवालही 'डू ऑर डाय'ला पकडला जायचा. त्याची क्लिप तुम्ही फिरवत नाही, कारण पुढच्या पाच मिनिटांत तो पुन्हा आत जातो. मला ती पुढची पाच मिनिटं हवी होती. यात रडगाणं काय आहे?

पण मग मीच मला विचारतो, पाच मिनिटं मिळाली असती तर केलं काय असतंस? तुझ्याकडं होतं काय? उजव्या बाजूचा हात, आणि पळ. शिबिरात कोच बोनस घ्यायला शिकवत होते. पाय कसा लांबवायचा, मागचा पाय हवेत कधी उचलायचा, अंग मागं कसं ठेवायचं. मी करायचो, पण मनातून हसायचो. आमच्याकडं बोनस घेणाऱ्याला लोक टाळ्या वाजवत नाहीत. कोपरा उडवणाऱ्याला वाजवतात. मला टाळ्यांचं वळण होतं, आणि लीग ही नोकरी होती. सहा-सात जण समोर असताना दर चढाईला एक गुण शांतपणे आणणारा माणूस संघाला हवा असतो. तसा मी असतो तर कदाचित तिसऱ्या चढाईसाठी राखून ठेवलेला नसतो. कदाचित. तोच कोच दुसऱ्या एका नव्या पोराला, ज्याला बोनस येत होता, त्यालाही बसवूनच ठेवायचा. मग?

आता तुमचा हुकमी एक्का: "अस्लमला जमलं ना?" अस्लम इनामदार, आपल्या नगरचा, त्याच सीझनला पुणेरी पलटणकडून पहिल्यांदा उतरला, पहिल्याच सीझनला चमकला, आणि पुढं दहाव्या सीझनला, मार्च २०२४ मध्ये, कप्तान म्हणून करंडक घेतला. त्याच्याबरोबरचा मोहित गोयतही नवाच. कोल्हापूरकर भेटले तर सिद्धार्थ देसाई काढतात: २०१८ ला यू मुम्बाकडून पहिल्याच सीझनमध्ये चढाईचे २१८ गुण. काढा. तिघंही माझ्यापेक्षा सरस आहेत, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही, मी अस्लमला जवळून सराव करताना बघितलंय. तो चढाईला जातो तसा पकडीलाही उभा राहतो, त्यामुळं त्याला मॅटवरून उतरवायचं कारणच कोचला मिळत नाही. तो पूर्ण सामना आत असतो, सगळ्यांना बघत. ज्या गोष्टीसाठी मी तडफडत होतो ती त्यानं पकडीच्या बाजूनं मिळवली. हे मला तिथं असताना सुचलं नाही. सुचलं असतं तरी माझी पकड म्हणजे काय, तुम्ही सगळ्यांनी बघितलीय.

पुढच्या लिलावात नाव होतं, बोली आली नाही. गावात फलक लागला होता तो पावसाळ्यापर्यंत तसाच होता, मग कुणीतरी ज्वारीच्या कणसांवर झाकायला नेला. सध्या एका कंपनीच्या संघाकडून व्यावसायिक गटात खेळतो, सुट्टीत गावात पोरांचा सराव घेतो. हे काय वाईट आहे, असं माझी बायको म्हणते. वाईट नाहीच. फक्त दर सीझनला टीव्ही लागला की घरातले माझ्या तोंडाकडं बघतात.

तर खेळवलं नाही, की जमलं नाही? जेवढा वेळ खेळवलं तेवढ्यात जमलं नाही, आणि जेवढ्या वेळात जमलं असतं तेवढं खेळवलं नाही. हे उत्तर तुम्हाला चालाखीचं वाटेल. मलाही काही दिवशी वाटतं.

यंदा आमच्यातलाच एक पोरगा लीगच्या ट्रायलला निघालाय. सतरा-अठराचा, उंच, उजव्या बाजूनं जातो. मागच्या आठवड्यात मी कोपऱ्यात उभा राहून त्याचे पाय बघत होतो. त्याचाही एक पाय आधी येतो. मातीत कुणाला कळत नाही, आणि त्याच पायावर तो इथं महिनाभर बक्षिसं घेतोय. आता सांगितलं तर ट्रायलच्या तोंडावर पोराचा खेळ बिघडेल. नाही सांगितलं तर तिथं कुणीतरी हात देऊन उठवताना सांगेल. त्याचा बाप रोज विचारतो, काय वाटतं, होईल का. मी म्हणतो, वेग चांगला आहे.