काटा नाचतो कशानं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझी मॉरिस मायनर कुठंही उभी केली की जुन्या गाडीवाला एखादा डोकावतो आणि विचारतो, "काका, तुमचा स्पीडोमीटरचा काटा इतका शांत कसा? आमचा तर वीस-चाळीसच्या मधे नुसता नाचतो. मीटर बदलू का?"

मीटरला हात लावू नका. दहातल्या नऊ वेळा दोष केबलचा असतो.

आत घडतं एवढंच: गिअरबॉक्समधून निघालेली केबल मीटरमधलं लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, काटा तिला जोडलेला. दोघांचा स्पर्श होत नाही, नुसत्या चुंबकाच्या ओढीनं वाटी वळते आणि केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचत राहते. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसानं १९०२ साली याचं पेटंट घेतलं. आता केबल कोरडी पडली किंवा कुठं काटकोनात दुमडली, की तिच्या आतली फिरणारी तार अडते, पिळते आणि एकदम सुटते. काटा बिचारा तेच दाखवतो.

म्हणून मीटरच्या मागे केबल धरून ठेवणारी चकती हातानं सोडवा आणि आतली तार ओढून काढा. (काही केबलींची तार अशी निघत नाही, तिथं ओढाताण नको.) रॉकेलनं धुऊन, पुसून फरशीवर ठेवा. दोन्ही टोकं चिमटीत धरून U आकार करा आणि एक टोक सावकाश फिरवा. दुसरं टोक सोबत फिरलं तर ठीक. मधेच उडी मारली तर तार वाकलीय, नवी आणा.

ग्रीस लावताना मात्र माझी आठवण काढा. पहिल्यांदा मी लग्नघरच्या तुपासारखं सढळ हातानं लावलं. तारेचे पीळ म्हणजे स्क्रूच, फिरता फिरता त्यांनी ग्रीस वर चढवलं, थेट मीटरमध्ये. वाटी आणि चुंबक चिकटले. गाडी वीसनं चाललेली, काटा सत्तरवर! शेजारी बसलेल्या बायकोनं हँडलच धरलं. मीटर साफ करायला जाणकाराकडे द्यावा लागला आणि महिनाभर शेजारच्या रिक्षांवरून वेगाचा अंदाज घेतला. तेव्हापासून बोटाला लागेल इतकंच ग्रीस, आणि मीटरकडचं वीतभर टोक कोरडं. केबल परत बसवताना वळण मोठं ठेवायचं, दुसऱ्या तारांमध्ये कोंबायची नाही.

'आकडा खरा आहे का' हाही प्रश्न येतो. स्मिथ्स कंपनीच्या मीटरच्या तबकडीवर बारीक चार अंकी आकडा असतो, तो एका मैलाला केबलचे फेरे सांगतो. मी मीटरकडचं टोक सोडवलं, त्यावर पुठ्ठ्याचा बाण अडकवला, सोसायटीच्या रस्त्यावर खडूनं ५२.८ फूट आखले, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग. गाडी न्यूट्रलला. भाचा ढकलतोय, मी खाली मान घालून बाण मोजतोय, वॉचमन विचारतोय, "साहेब, बंद पडली काय?"

तबकडीवरच्या आकड्याच्या शंभराव्या भागापेक्षा पाव फेरा जास्त भरला. टायर जरा बुटके आहेत, त्यामुळे काटा थोडी बढाई मारतो. चालायचंच.