कोथरूडचा मेल सर्व्हर: स्पॅम वाढला, इनबॉक्समध्ये घटला

मागच्या नोंदीपासून माझ्या मेल सर्व्हरच्या दारावर येणारा स्पॅम, म्हणजे नको असलेले मेल, वाढतोच आहे, आत पोचणारा मात्र कमी झालाय. त्याचं सगळ्यात मोठं श्रेय फिल्टरला नाही, अनबाउंडला, म्हणजे डीएनएसची (इंटरनेटवरच्या नावपत्त्यांची) उत्तरं शोधून आणणाऱ्या प्रोग्रामला. भाड्याच्या सर्व्हरवर हे काम बऱ्याचदा सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे वळवलेलं असतं, आणि तिथून विचारलं की स्पॅमहाउसची, स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची, मोफत यादी खरं उत्तर देतच नाही, 127.255.255.254 हा कोड परत येतो. मेल घेणाऱ्या पोस्टफिक्स या प्रोग्राममध्ये नेमके कोणते कोड धरायचे हे लिहिलेलं नसेल, तर तो कोडही 'यादीत आहे' असा धरला जातो आणि भल्या माणसांचे मेलही परत जातात! आता मशीनवरच अनबाउंड आहे आणि यादी बोलू लागली आहे.

पुढचं काम पोस्टस्क्रीनचं, म्हणजे पोस्टफिक्सच्या दारवानाचं. ते '220-' ने सुरू होणारं अर्धंच स्वागत पाठवून सहा सेकंद गप्प बसतं. शिस्तीचा सर्व्हर थांबतो, स्पॅम पाठवणाऱ्या बॉटला दम निघत नाही. तो आधीच बोलायला लागला की बाहेर. रात्रीचा लॉग वाचायला यासारखी करमणूक नाही.

उरलेलं आरस्पॅमडी हा मेलला गुण देणारा फिल्टर बघतो, आणि खरी मेहनत तिथेच आहे. त्याचं बेझ, म्हणजे शब्दांवरून स्पॅम ओळखायला शिकणारा भाग, स्पॅम आणि चांगले अशा दोन्ही बाजूंचे दोनशे-दोनशे मेल शिकल्याशिवाय तोंड उघडत नाही. स्पॅम शिकवायला सगळ्यांना उत्साह, चांगले मेल शिकवायचा कंटाळा. मराठीत तर हे फार भोवतं. मुळशीतल्या एनए प्लॉटची जाहिरात आणि आमच्या सोसायटीचा डीम्ड कन्व्हेयन्सचा मेल, दोन्हींत सातबारा, गुंठे, दस्त, नोंदणी. जाहिरातीच शिकवत गेलो असतो तर सेक्रेटरींची नोटीसही जंकमध्ये गेली असती. म्हणून सोसायटीचे जुने मेल हॅम, म्हणजे चांगले मेल, म्हणून भरले.

घरच्यांसाठी डव्हकॉट या मेलपेटी सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं आयमॅपसिव्ह लावलंय, ते मेल कुठून कुठे हलवला यावरून फिल्टरला शिकवतं: मेल जंकमध्ये टाकला की स्पॅम, बाहेर काढला की हॅम. जंकमधून ट्रॅशमध्ये गेलेला मात्र हॅम धरायचा नाही, ही अट हवीच. आत्याचा फोन आला होता, "अरे, दिवाळी अंकाच्या सवलतीचं पत्र कुठं गेलं?" तिला म्हटलं, जंकमधून ओढून इनबॉक्समध्ये टाक. आता ती न सांगता शिकवते, आणि माझ्यापेक्षा नेमाने.

ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी मेलला आधी 'नंतर ये' म्हणणं, ठेवलंय, पण आरस्पॅमडीचे स्पॅमगुण चारच्या वर गेले तरच. सरसकट लावलं की ओटीपी पाच मिनिटांनी येतो, तोवर त्याची मुदत संपलेली.

अडलंय ते एकाच जातीवर: नावाजलेल्या बल्क मेल सेवांतून येणारे क्लासवाले. पाठवणारा खरा आहे का हे तपासणाऱ्या चाचण्या सगळ्या पार: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. कागदपत्रं चोख, त्यामुळे पोस्टस्क्रीन आणि यादी दोन्ही निरुपयोगी. सध्या लिस्ट-अनसबस्क्राइब हेडर (यादीतून नाव काढायची सोय सांगणारी ओळ) असलेले आणि ज्यांचा पाठवणारा अॅड्रेसबुकात नाही असे मेल सिव्ह या मेल-नियमांच्या भाषेने 'जाहिराती' फोल्डरमध्ये वळवतोय. कोणी याहून बरा नियम लिहिला असेल तर पाठवा.