सलाईन म्हणजे जेवण नव्हे

पेठ-सुरगाण्याहून नाशिकला आणलेल्या पेशंटचे नातेवाईक आयसीयूबाहेर हमखास म्हणतात, "तोंडाने बंद आहे, पण सलाईन चालू आहे ना?" पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत साखर २५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ८५ कॅलरी. नॉर्मल सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, तर शून्य. ५० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रोटीन लागतं. बाटल्यांवर आठवडा काढला की स्नायू झिजतात, टाके भरत नाहीत.

आतडं चालत असेल तर राईल्स ट्यूबनेच, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीनेच, भरवावं. ते सुरक्षितही आणि स्वस्तही. आतडं बंदच असेल तर टीपीएन, म्हणजे शिरेतून दिलं जाणारं संपूर्ण पोषण. त्याच्या तीन कप्प्यांच्या पिशवीत ग्लुकोज, अमिनो ॲसिड आणि स्निग्धांश वेगळे असतात. पिशवी सपाट ठेवून वरून गुंडाळत दाबली की मधले सील सुटतात. मग दोन-तीनदा उलटसुलट करायची. मिश्रण दुधासारखं एकजीव दिसलं पाहिजे. वर पिवळसर तेल तरंगत असेल तर ती पिशवी लावायचीच नाही. व्हिटॅमिन आणि ट्रेस एलिमेंट (जस्त, तांबं यांसारखी सूक्ष्म खनिजं) तिच्यात सहसा नसतात, ते फार्मसीत निर्जंतुक पद्धतीने मिसळावे लागतात. हे सर्रास राहून जातं. इतर कुठलंही औषध पिशवीत नको: कॅल्शियम-फॉस्फेटचे खडे धरतात, आणि दुधाळ रंगात ते दिसत नाहीत. म्हणून नळीला १.२ मायक्रॉनचा फिल्टर हवाच.

द्रावण दाट असल्याने ते सेंट्रल लाइनमधूनच, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत टाकलेल्या नळीतूनच द्यायचं; हातातून दिलं तर शीर सुजते. त्या लाइनचा एक लुमेन (आतला एक मार्ग) फक्त टीपीएनसाठी राखायचा, त्यातून रक्त काढायचं नाही. पिशवी २४ तासांत बदलायची, संपली नसली तरी.

खरी भीती पहिल्या तीन-चार दिवसांत. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम पूर्ण डोस दिला की इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशांना आधी थायमिन द्यावं, किलोमागे १० कॅलरींपासून सुरुवात करावी, आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज तपासावेत.

एप्रिल-मेच्या उन्हात मेडिकलमधून पिशवी आणताना स्कूटरच्या डिकीत टाकू नका. २५ अंशांपेक्षा जास्त ती तापता कामा नये. रात्री पिशवी संपली आणि दुसरी नसली तर त्याच वेगाने दहा टक्के डेक्स्ट्रोज लावतात, नाहीतर साखर झपकन उतरते. मागे पडलेला डोस पंपाचा वेग वाढवून भरून काढायचा नाही.